मोरीच्या सात फळ्या

दाताळं पहिल्यांदा रिकामं वर आलं तेव्हा विलेमीनला वाटलं, नशीब. दुसऱ्यांदा आलं तेव्हा वाटलं, या पोरीला नीट फेकता येत नाही. अकराव्यांदाही रिकामं आलं, तेव्हा मात्र तिनं वल्ही नावेत आडवी टाकली आणि तळ्याकडे असं रोखून पाहिलं, जसं काही ते मुद्दाम करतंय.

"अजून नऊ," नुराय म्हणाली आणि दोरी गुंडाळायला लागली.

नुराय नायमेखन शहरातून सर्वेक्षणासाठी आली होती. वाल नदीच्या काठानं अशी एकोणसाठ तळी होती आणि ही मुलगी प्रत्येक तळ्यात वीसदा दाताळं टाकायची. दातांना जे अडकेल ते मोजायचं, वहीत लिहायचं, पुढच्या तळ्याकडे निघायचं. काय पण काम! तरी ती ते इतक्या मन लावून करत होती की विलेमीनला तिला हसायलाही जमेना.

"तुम्ही काठाकाठानं फेकताय," विलेमीन म्हणाली. "मध्ये फेका की."

"मगाशी मध्येच फेकलं."

"मग तिकडं वाळुंजाच्या झाडाखाली. तिथं पूर्वी इतकं गवत असायचं, वल्हं अडकायचं."

वाळुंजाखाली एक प्लास्टिकची पिशवी निघाली.

"ही धरता का मोजायला?" विलेमीननं विचारलं.

नुराय हसली, पण लिहिलं काहीच नाही. मग पाणी किती नितळ ते बघायला तिनं दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडली. एक वीतभर खाली गेली नाही तोच दिसेनाशी झाली. दूध घातलेल्या कॉफीसारखं पाणी, आणि त्यात खालून कुठूनतरी एक रुंद ब्रासेम मासा वळला, गाळाचा एक ढग वर उठवून गेला.

"बारा वर्षांपूर्वीच्या यादीत इथं पाणवनस्पतींच्या चौदा जाती आहेत," नुराय वही मागं उलटत म्हणाली. "चौदा! आख्ख्या काठावर एवढ्या कुठंच नव्हत्या. मी तर हे तळं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. जेवणानंतरच्या गोडासारखं."

विलेमीननं ती पिशवी पिळून पायाखाली ठेवली.

"हे कोरडं कधी पडतं?" नुरायनं विचारलं.

आता मात्र विलेमीन ताठ बसली. या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. "कधीच नाही. अकरा वर्षांत बोटभरसुद्धा उतरू दिलं नाही मी. नदीकडे पाणी सोडणाऱ्या त्या मोरीच्या खांबावर पांढरी रेघ दिसते? मी ओढलीय. मे ते ऑक्टोबर पाणी तिथं म्हणजे तिथं. नदी आटो, काही होवो."

नुरायनं पेन्सिल खाली ठेवली. "अहो, तेच तर," ती हळूच म्हणाली.

"काय तेच?"

"बी खाली गाळात पडलेलं असतं. वीस-वीस वर्षं पडून राहतं. वर सतत पाणी असलं की त्याला वाटतं अजून रात्रच आहे. गाळ उघडा पडला, ऊन लागलं, की ते जागं होतं. नदी पुरात भरून जाते आणि उन्हाळ्यात ओढून नेते, दोन्ही लागतं. तुम्ही तिला निम्मंच काम करू दिलंत."

"पण कोरडं पडलं तर सगळं मरेल ना!"

"काही मरेल. मग येईल."

विलेमीननं वल्ही उचलली आणि नाव काठाकडे वळवली. हे वाक्य तिनं आधी ऐकलं होतं. शब्दन् शब्द. फक्त ते म्हणणारा माणूस नुरायपेक्षा दुप्पट जाड होता आणि तिचा भाऊ होता.

"पाणी सोडायला मोरीतल्या फळ्या काढायच्या, हात लावाल?" काठाला लागल्यावर तिनं विचारलं. "दोन माणसं लागतात."

नुरायचा चेहरा पडला. "मला परवानगी नाही. मी फक्त मोजते. पुढच्या जूनमध्ये परत मोजायला येईन." सायकलवर टांग टाकता टाकता ती थांबली. "कुणीतरी असेल ना तुमच्याकडे?"

"आहेत की," विलेमीन म्हणाली. "खूप आहेत."

नव्हतं कुणी! आसपास नजर टाकली तर एक कुत्रं नव्हतं. आस्परवार्ड गाव सगळं पूर अडवणाऱ्या मोठ्या बांधाच्या आत, कोरड्यात, चर्चच्या भोवती दाटीवाटीनं बसलेलं. बांधाबाहेर, नदीच्या बाजूला, आजोबांच्या वीटभट्टीच्या उंचवट्यावर एकच घर, आणि त्यात एकटी विलेमीन, वय छप्पन्न. आजोबांनी विटांसाठी माती खणली, खड्डा झाला, खड्ड्याचं तळं झालं. भट्टी बंद पडली, धुराडं पाडलं, तळं राहिलं. हिवाळ्यात वाल फुगली की घराचं बेट व्हायचं. शहाणी माणसं केव्हाच आत गेली होती. तिचा भाऊ हेंटसुद्धा.

हेंट तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. तळ्यातून नदीकडे जाणाऱ्या मोरीत ओकच्या सात फळ्या होत्या, एकावर एक, खाचेत बसवलेल्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना लोखंडी कडी. काढायची तर एकानं या बाजूला आकडा अडकवायचा, दुसऱ्यानं त्या बाजूला, "आता!" म्हणायचं आणि एका दमात खेचायचं. एकानंच खेचली की फळी तिरकी व्हायची आणि अशी रुतून बसायची, जसा कपाटाचा जुना खण. विलेमीन आठ वर्षांची असल्यापासून एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला हेंट. जुलैत नदी खाली गेली की हेंट म्हणायचा, "नदी उतरली, आता तळ्यालाही उतरू दे." तळं उतरायचं, दोन आठवडे घाण वास सुटायचा, मग गाळावर हिरवं पसरायचं. तळ्यातल्या एकूण एक पाल्याला त्याच्याकडे नाव होतं. निम्मी आईनं ठेवलेली, निम्मी त्याची स्वतःची.

मग एका जुलैत आई गेली. आणि फळ्या नेमक्या त्याच आठवड्यात काढलेल्या.

माती देऊन लोक घरी आले. कॉफी, केक, काळे कपडे, आणि खिडकीतून आत येणारा तो वास! कुणीतरी खिडकी उघडली, कुणीतरी लगेच लावली. हेगची मावशी नाकाला रुमाल लावून म्हणाली, "इथं आणखी काही मेलंय का गं?" आणि कोपऱ्यातला एक माणूस चक्क हसला. विलेमीनच्या कानशिलांपर्यंत आग गेली. कपबश्या विसळताना ती हेंटवर तुटून पडली. "आईच्या दिवशीसुद्धा तुला तुझा चिखल सुटला नाही!"

"आई याच वासात जन्मभर जगली."

"लोक हसले, हेंट."

"लोक उद्या घरी जातील. तळं इथंच राहणार आहे. काही मरेल, मग येईल."

"मग जा ना तूही लोकांबरोबर!"

गेला की! महिन्याच्या आत गेला, बांधाच्या आत, चर्चपासून तिसऱ्या छपराखाली. पुढच्या एप्रिलमध्ये विलेमीननं सातही फळ्या एकटीनं टाकल्या. टाकणं सोपं असतं.

तेव्हापासून अकरा वर्षं. हेंट शुक्रवारी दुकानात जायचा म्हणून ती मंगळवारी जायची. संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर त्याचं नाव नोव्हेंबरात होतं, म्हणजे वर्षातला एक आख्खा महिना तिला दिवसातून चार-पाचदा हेंटसमोर बसावं लागायचं. कार्ड मात्र कधी पाठवलं नाही. संध्याकाळी सहाला त्याच्या खिडकीत दिवा लागायचा. ती बटाटे सोलता सोलता बांधापलीकडे बघायची आणि म्हणायची, "लागला. बसलाय तिथं, हट्टी बोकड." रोज. एखाद्या दिवशी बोलायला दुसरं कुणी नसेल तर तेवढंच तिचं बोलणं व्हायचं.

नुराय गेल्यावर तीन आठवडे ती नुसती मोरीभोवती घोटाळली. तळ्यात परत काही उगवावं असं वाटत असेल तर फळ्या काढायला हव्यात. फळ्या काढल्या की हेंट खरा ठरतो. आणि काढायला दुसरा माणूस हवा, म्हणजे जाऊन त्याच बोकडाच्या दारात उभं राहायचं! छे. तिनं एकदा एकटीनं आकडा लावून पाहिला. वरची फळी अर्धा इंच तिरकी झाली आणि रुतली.

मग तिला गाडीचा जॅक आठवला.

मोरीच्या दोन भिंतींवर तिनं एक जाड फळकूट आडवं टाकलं. त्यावर जॅक. जॅकवर तुळई. तुळईच्या दोन्ही टोकांना साखळ्या, साखळ्या दोन्ही कड्यांत. दांडा फिरवायला लागली. एक फेरा, दोन, दहा. काहीच नाही. साखळी ताणून ताणून गाणं म्हणायला लागली. आणि मग, काय सांगावं, अकरा वर्षं फुगून बसलेली फळी बूच निघावं तसा आवाज करून बोटभर वर आली! दोन्ही बाजूंनी सारखी!

"बघ! बघ बघ!" विलेमीन ओरडली आणि मागं वळली.

मागं एक राखी बगळा उभा होता. तो उडून गेला.

दर तीन दिवसांनी एकच फळी काढायची, म्हणजे शिंपल्यांना सरकत सरकत खोल जायला वेळ मिळतो. हेंट असंच करायचा. ती काही त्याचं ऐकत नव्हती, शिंपल्यांसाठी करत होती. पाणी मोरीतून खळखळत नदीकडे पळायला लागलं, काठ उघडे पडले, त्यावर भेगा पडल्या आणि वास सुटला. तोच वास. विलेमीननं पहिल्या दिवशी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. दुसऱ्या दिवशी घरात गुदमरायला झालं म्हणून उघडल्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की नाकाला रुमाल लावायला इथं कुणी येतच नाही.

पाचवी फळी निघाली तेव्हा मासे मधल्या डबक्यात गोळा झाले, पाठीला पाठ घासायला लागले. पूर्वी अशा वेळी भट्टीच्या उंचवट्यावर एक पांढरी चादर टांगायचे. बांधावरून चादर दिसली की गावातले लोक टोपल्या आणि टब घेऊन यायचे, मासे भरभरून नदीत नेऊन सोडायचे. कुणी एखादी सापासारखी ईल मासळी घरी न्यायचं. पोरं चिखलात लोळायची, आई मनुकांचा पाव कापायची.

विलेमीननं एक दिवस मनाशी भांडून घेतलं आणि मग कपाटातली सर्वात मोठी चादर काढली. चादर टांगली की हेंटला कळणार होतं. त्याला तर कळणारच! येऊ दे. दात काढत येऊ दे. तिनं मनुकांचा पावही आणला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा शुक्रवारी दुकानात गेली. हेंट तिथं नव्हता.

चादर दिवसभर फडफडली. बांधावरून सायकली गेल्या, एक ट्रॅक्टर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. विलेमीन तीन ढांगांत पोचली.

"नमस्कार बाई, मी डीडेरिक बोलतोय. बांधाशेजारी राहतो, गेल्या वर्षी उट्रेख्टहून आलो. तुम्ही मला ओळखत नाही."

"बोला."

"तुमची एक चादर बाहेर राहिलीय. कालपासून. आता पाऊस येईलसं दिसतंय, म्हणून म्हटलं सांगावं."

"आभारी आहे," ती म्हणाली.

"आणि तिकडून काहीतरी वास येतोय का हो?"

"येतोय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती एकटीच उतरली. चाकाच्या हातगाडीत आंघोळीचा टब, कमरेपर्यंतचे रबरी बूट, हातात जाळी. जाड पाठीचे ब्रासेम बगळ्यांना ठेवले, बाकीचे नेले. नदीपर्यंत चारशे पावलं जाताना, चारशे येताना. दोन दिवसांत एकोणतीस खेपा! एका खेपेला गाडी कलंडली आणि ती चिखलात बसली ती बसलीच. सगळीकडे इतकं शांत होतं की टबातून सांडलेल्या माशांच्या शेपट्या चिखलावर आपटताना ऐकू येत होत्या. ती उठली, एक एक उचलला, परत भरला. सहा वाजले. बांधापलीकडे हेंटच्या खिडकीत दिवा लागला.

"दिसतंय ना तुला सगळं?" ती म्हणाली. "दिसतंय. आणि बसलायस."

दुसऱ्या दिवशी ती गेली. बुटांवरचा चिखलही धुतला नाही. त्याला दाखवायलाच नेला म्हणा ना! चर्चपासून तिसरं दार. घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. खिडकीच्या आत दिव्याखाली एक मेलेलं जिरेनियम होतं.

"कोणी नाहीये तिथं," शेजारच्या कुंपणावरून आवाज आला. उंच, टक्कल पडलेला माणूस, हातात झारी. आवाजावरून विलेमीननं ओळखलं, हाच तो चादरवाला. "हेंट फेब्रुवारीतच गेले. मुलाकडे, ड्रेंथेला. गुडघे गेले त्यांचे. किल्ली माझ्याकडे असते."

"पण दिवा लागतो."

"तो टायमरवर आहे हो! चोरांसाठी. सहाला लागतो, दहाला बंद. मीच लावून दिला." डीडेरिक खुशीत होता. मग त्यानं तिचे बूट पाहिले. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बहीण."

"बहीण?" त्यानं झारी खाली ठेवली. "मला कधी बोलले नाहीत."

"तुम्ही विचारलं नसेल," विलेमीन म्हणाली.

त्यानं आत जाऊन एका चिठ्ठीवर हेंटचा फोन नंबर लिहून आणला, काही न विचारता. चांगला माणूस होता. घरी परतताना बांधावरून तिला आपलं घर दिसलं, चादर अजून तिथंच. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तिनं बोटांवर धरले. सहा महिने ती बटाटे सोलत एका बल्बाशी भांडत होती. तिला हसू आलं आणि ते हसू अर्ध्या बांधापर्यंत टिकलं.

नंबर तिनं लावला नाही. काय सांगणार? चिखल झालाय? तळं मारलंय मी, आता दोनदा? आधी पाणी धरून आणि मग सोडून? ऑगस्टमध्ये गाळावर हिरवी लव आली, इतकी बारीक की तिरकं वाकूनच दिसायची. ऑक्टोबरमध्ये तिनं चारच फळ्या परत टाकल्या. नोव्हेंबर आला. या वेळी संडासात हेंटच्या नावाखाली ती चिठ्ठीही डकवलेली होती. तरी नाही लावला.

जानेवारीत वाल आली. रात्रीतून नाही, अगदी दिवसाढवळ्या, कुंपणाचे खांब एकेक करून गिळत आली आणि तळं, मोरी, वाट, सगळ्याला एक करून टाकलं. अकरा दिवस विलेमीन बेटावर होती. नाव पायरीला बांधलेली. पाणी तपकिरी, जोरात, त्यातून फांद्या चाललेल्या, एक लाकडी दार, वरच्या देशांतून कुठूनतरी सुटलेला निळा पिंप. बांधावरून डीडेरिक रोज सकाळी दोन्ही हात हलवायचा, बुडणारा माणूसही इतके हलवत नाही. तीही हलवायची. बस. तिला ती हिरवी लव दिसत होती डोळ्यांसमोर, नखाएवढी, आणि वरून ही एवढी नदी. गेलं सगळं, ती म्हणाली. या वेळी कुणाला उद्देशून, ते तिलाच माहीत नव्हतं, कारण दिव्याशी बोलणं तिनं बंद केलं होतं.

जूनमध्ये नुराय आली. विलेमीननं नाव ढकलली आणि मुद्दाम आकाशाकडे बघत वल्ही मारायला लागली.

दाताळं पडलं. नुरायनं दोरी ओढली, थांबली, दोन्ही हातांनी ओढली. "अहो," ती म्हणाली. "अहो, हे जड आहे!"

वर आलं ते ओलं, हिरवं, पाणी गाळत, दातादातातून लोंबत. नुराय नावेत नाचायलाच निघाली होती, विलेमीननं तिला कमरेला धरून खाली बसवलं. विसातली सतरा दाताळी भरून आली. तळापर्यंत दिसत होतं. खाली एक मासा गवतातून सरकला आणि पाणी तसंच्या तसं राहिलं, निर्मळ.

"नऊ जाती!" नुरायनं वही मिटली. "तुम्ही कुणाला तरी सांगायला हवं हे!"

ती गेल्यावर विलेमीननं दाताळ्यातून उरलेलं सगळं सूपच्या मोठ्या वाडग्यात पाणी घालून ठेवलं, संडासातून चिठ्ठी आणली आणि नंबर लावला. पाच घंटा वाजल्या.

"हॅलो?" म्हातारा आवाज. इतका म्हातारा कधी झाला?

"हेंट, मी."

पलीकडे खुर्ची करकरली. मग, "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. सगळे आधीच गेलेत. तळ्यात आलंय."

"काय आलंय?"

"सगळं. फळ्या काढल्या मी, गेल्या जुलैत."

"कुणाबरोबर?"

"एकटीनं."

"खोटं बोलतेस, विल. एकटीनं निघत नाहीत त्या."

"जॅक लावला. गाडीचा."

पलीकडून एक आवाज आला, खोकला की हसू ते कळलं नाही. विलेमीननं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. जे बोलायचं होतं ते अकरा, नाही, आता बारा वर्षं रुतून बसलं होतं, आणि त्याला काही जॅक लावता येत नव्हता. "तू खरा होतास," ती म्हणाली.

"माहितीये मला."

"माहितीये म्हणे! बोकड."

"काय काय आलंय ते सांग."

तिनं वाडगा पुढं ओढला. "एक खरखरीत आहे. चुरडलं की लसणाचा वास."

"लसूणगवत. आई तसंच म्हणायची."

"एकाची पानं कडेला चुण्या घातल्यासारखी."

"कुरळी. पुढं."

"केसासारखी बारीक, हाताला चिकटतात."

"म्हातारीचे केस. पुढं."

ती एकेक उचलत गेली आणि तो ड्रेंथेतून, जिथं वाळू आहे आणि नदी नाही, एकेकाचं नाव सांगत गेला. एकदाही अडखळला नाही. शेवटी एक उरलं. इवलंसं, ठिसूळ, उचलतानाच एक फांदी तुटली.

"पानांना कडेनं काटे आहेत. अगदी बारीक. आणि फांद्या हरणाच्या शिंगांसारख्या."

"काटे?"

"हो. टोचतात."

"देठ लाल?"

"नाही. हिरवाच."

पलीकडे कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली. "ते आपल्याकडे नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "मला नाही माहीत, विल. पुरात आलं असेल."

"मग याला काय म्हणायचं?"

"तिथं तू आहेस. तू ठरव." मग जरा थांबून, "गुडघ्यांमुळे मला काही येता यायचं नाही."

"मी कुठं बोलावलंय?"

"नाही, सांगून ठेवलं." हाक पुन्हा आली. "इथं सहाच्या ठोक्याला जेवतात. ठेवतो."

"ठेव."

त्यानं ठेवला. विलेमीननं रिसीव्हर जागेवर ठेवला. मग तुटलेली ती फांदी तिनं टेबलावरून बोटानं उचलली, वाडग्यात सोडली आणि ती तरंगते की बुडते ते बघत राहिली.